झाडगावचं तांबं आणि ठाणेवासनाचं तांबं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

विदर्भात तांब्याचे साठे शोधले जातायत, अशी बातमी अधूनमधून येते. चंद्रपूर जिल्ह्यातलं ठाणेवासना आणि दुबारपेठ ही नावं त्यात असतात. बातमी आली की आपल्याकडच्या ग्रुपवर एकजण हमखास विचारतो, "आपल्या कोकणात पण आहे म्हणे तांबं, सोनं. खरं काय?" त्यावर दुसरा लिहितो, "आपण तर तांब्याचा कारखानाच पळवून लावला, आता खाण कुठली येतेय!"

दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ही पोस्ट.

आधी जमिनीचं बघू

मंडणगडपासून राजापूरपर्यंत आपल्या पायाखाली मुख्यतः दोनच गोष्टी आहेत. वर जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो. खाली काळा कातळ, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. या काळ्या दगडात तांबं असतं, पण ते टनामागे शे-दोनशे ग्रॅम. खाण परवडायची तर टनामागे निदान चार-पाच किलो तरी हवं. तेवढं तांबं एका जागी गोळा व्हायला जमिनीत खोलवर गरम पाणी भेगांमधून फिरावं लागतं, धातू एका ठिकाणी आणून टाकावा लागतो. आपल्या देशात तसं घडलेले दगड बहुतेक वेळा खूप जुने असतात.

असे जुने दगड आपल्या राज्यात लाव्ह्याची चादर संपते तिथे उघडे पडतात. दक्षिणेला सिंधुदुर्गात, म्हणून तिथे रेडीचं लोखंड आणि कणकवलीकडचं क्रोमाइट. पूर्वेला नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत. देशातला तांब्याचा सगळ्यात मोठा साठा, मलाजखंड, हा गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात आहे. तिथली खाण १९८२ मध्ये सुरू झाली. म्हणजे महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच.

आपल्या जिल्ह्यात मंडणगड-दापोलीकडे बॉक्साइट आहे, किनाऱ्यावर काळी वाळू आहे. काळ्या वाळूचं पुढे सांगतो. पण तांब्याची खाण रत्नागिरीत होण्यासारखी नाही.

मग आपल्या घरातलं तांबं आलं कुठून?

बाहेरून. आणि हे आजचं नाही.

नगर जिल्ह्यातल्या जोर्वे आणि दायमाबादला साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची माणसं तांब्याच्या कुऱ्हाडी वापरत होती. तेव्हाही तांबं राजस्थानकडून येत असावं असं अभ्यासक मानतात. रोमन व्यापाराच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या मालात तांबं होतं. 'पेरिप्लस' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे, त्यात तांबं, कथील, शिसं अशी नावं सापडतात. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला. तो शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा. आपल्या भागातल्या दानाची नोंद ज्या धातूवर कोरली, तो धातू आपल्या भागातला नव्हता.

पुढे डचांनी जपानचं तांबं हिंदुस्थानच्या बाजारात आणलं. वेंगुर्ल्याला त्यांची वखार १६३७ पासून होती. मग इंग्लंडहून तांबं यायला लागलं. शिवराई पाडायची असो की पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत हंडा ठोकायचा असो, पत्रा बंदरावरूनच यायचा.

इतिहासातला हा धागा लक्षात ठेवा. ज्या मालाचा कच्चा भाग जहाजाने येतो, त्याचा कारखाना बंदराजवळ हवा असतो. १९९२ मध्ये आपल्याकडे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

झाडगाव, १९९२-९३

तरुण मुलांना 'स्टरलाइटची जागा' हे नाव माहीत असतं, गोष्ट माहीत नसते. म्हणून थोडक्यात सांगतो.

१९९१ मध्ये देशात नवं आर्थिक धोरण आलं. १९९२ मध्ये राज्य सरकारने स्टरलाइट इंडस्ट्रीजला तांबं वितळवण्याच्या कारखान्यासाठी रत्नागिरीच्या झाडगाव एमआयडीसीत सुमारे ५०० एकर जागा दिली. माल परदेशातून येणार होता. त्याला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. खाणीतला दगड दळून, त्यातला फुकट भाग काढून टाकून जी पूड उरते ती. तिच्यात साधारण पंचवीस ते तीस टक्के तांबं असतं. आणि जवळजवळ तेवढंच गंधक.

गोष्ट त्या गंधकाची होती. भट्टीत पूड गेली की गंधक जळून त्याचा वायू होतो, सल्फर डायऑक्साइड. चांगल्या कारखान्यात तो पकडून त्याचं गंधकाम्ल करतात. न पकडलेला वायू हवेत जातो. आता डिसेंबर-जानेवारीत मोहर आलेल्या हापूसच्या बागा डोळ्यांपुढे आणा. शेजारी मिऱ्या, मिरकरवाडा, काळबादेवी, सगळी मासेमारीची गावं. बागायतदारांनी आणि मच्छिमारांनी तेव्हा जो प्रश्न विचारला तो साधा होता. वायू पकडला नाही तर आमच्या मोहराचं काय, आणि सांडपाणी खाडीत आलं तर आमच्या जाळ्याचं काय?

बांधकाम सुरू झालं होतं. आंदोलन वर्षभर चाललं. पक्षांच्या पलीकडे जाऊन लोक एकत्र आले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवायला सांगितलं. कंपनीने तमिळनाडूकडे मोर्चा वळवला. ३० ऑक्टोबर १९९४ ला तुतिकोरिनमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललितांच्या हस्ते पायाभरणी झाली. झाडगावची जागा मात्र पुढे वर्षानुवर्षं पडून राहिली.

तुतिकोरिनला काय झालं

आपल्याकडे ही गोष्ट 'आपण जिंकलो' या वाक्यावर संपते. कारखान्याची गोष्ट तिथे संपली नाही.

तुतिकोरिनचा कारखाना १९९६-९७ च्या सुमारास सुरू झाला. वाढत वाढत वर्षाला चार लाख टन तांब्यापर्यंत गेला. देशाच्या एकूण उत्पादनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. तक्रारी आणि खटले सोबत होतेच. मद्रास उच्च न्यायालयाने २०१० मध्ये कारखाना बंद करायचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१३ ला तो आदेश रद्द केला, पण प्रदूषणाबद्दल १०० कोटी रुपये भरायला लावले. त्याच्या काही दिवस आधीच, २३ मार्चला, गावात वायू पसरल्याच्या तक्रारी झाल्या होत्या.

२०१८ मध्ये कारखान्याच्या विस्ताराविरुद्ध पुन्हा आंदोलन पेटलं. २२ मे २०१८, आंदोलनाचा शंभरावा दिवस. जिल्हाधिकारी कचेरीकडे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. तेरा माणसं गेली. २८ मे रोजी सरकारने कारखाना कायमचा बंद करायचा आदेश काढला. ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा सुरू करायला नकार दिला.

कारखाना एकाच कंपनीचा, माल एकच, प्रश्नही तेच. रत्नागिरीत एकाही माणसाचा जीव न जाता वर्षाभरात निकाल लागला. तिथे चोवीस वर्षं आणि तेरा जीव लागले. फरक कशात? आपली माणसं जास्त शूर आणि तिथली कमी, असं अजिबात नाही. फरक वेळेचा आहे. आपल्याकडे प्रश्न विचारला गेला तेव्हा भिंती अर्ध्या होत्या. भट्टी पेटली नव्हती, नोकऱ्या लागल्या नव्हत्या, ठेकेदारांचे ट्रक फिरायला लागले नव्हते. एकदा हजारो घरांची चूल कारखान्यावर अवलंबून राहिली की गावात दोन तट पडतात, आणि मग कुठलाही निकाल कुणाला तरी चिरडतोच.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. तुतिकोरिन बंद झाल्यावर देशाची तांब्याची गरज कमी झाली नाही. २०१८ नंतर शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश ते आयात करायला लागला. आपल्या घरातली वायरिंग, पंप, ट्रान्सफॉर्मर, आता इलेक्ट्रिक गाड्या, सगळ्यात तांबं आहे. आपल्याच कोकणात, तळोजाला, हिंदुस्तान कॉपरचा तांब्याच्या सळ्यांचा कारखाना आहे. मार्च २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्र्याला वर्षाला पाच लाख टनांचा नवा कारखाना सुरू झाला. पुन्हा बंदराशेजारीच. तांबं नको असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपल्या दारात नको म्हणणारे खूप भेटतात, आणि त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. पण मग ते कुणाच्या दारात जातंय हे बघायची जबाबदारी आपल्यावर येते.

कुणाच्या दारात? ठाणेवासनाच्या

देश कॉन्सन्ट्रेट बाहेरून आणतो, म्हणून सरकारला देशातच तांबं शोधायचंय. शोधायचं म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही, कारण आपण कारखाना पाहिला, शोध पाहिला नाही.

भूवैज्ञानिक आधी नकाशा करतात. ओढ्या-नाल्यांतली माती गोळा करून तपासतात. जिथे तांब्याचं प्रमाण जास्त दिसतं तिथून वर सरकतात. मग जमिनीत वीज सोडून बघतात, कारण तांब्याचं खनिज वीज चांगली वाहून नेतं. नंतर चर खणतात. शेवटी ड्रिलने भोक पाडून दगडाची लांब कांडी वर काढतात, ती चिरून तिचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवतात. सरकारी भाषेत याचे चार टप्पे, जी-४ ते जी-१. जी-४ म्हणजे 'इथे काहीतरी असावं'. जी-१ म्हणजे 'इथे एवढं टन, इतक्या टक्क्यांचं आहे'. बातमीत 'साठा सापडला' असं लिहिलेलं असतं तेव्हा तो कुठल्या टप्प्याचा, हे कुणी लिहीत नाही. आम्ही पत्रकारही नाही.

चांदी हवी असेल तर? चांदीची वेगळी खाण आपल्या देशात जवळजवळ नसतेच. देशातली बहुतेक चांदी राजस्थानात शिसं-जस्ताच्या खनिजाबरोबर निघते. तांबं विजेने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो गाळ बसतो, त्यातही चांदी आणि सोनं मिळतं. म्हणून 'तांब्यासोबत चांदी' ऐकून हुरळून जायचं कारण नाही.

आता साधा हिशोब. खनिजात एक टक्का तांबं असेल तर एक टन दगडातून जास्तीत जास्त १० किलो तांबं मिळतं. बाकीचे ९९० किलो कुठे जातात? बारीक दळलेली, पाण्यात कालवलेली ती राड गावाशेजारच्या तलावात साठवतात. त्यात गंधकयुक्त खनिज राहिलं असेल तर हवा-पाण्याने त्याचं आम्ल होतं आणि ते ओढ्यात उतरतं. झाडगावला भीती हवेची होती. खाणीच्या गावाला भीती पाण्याची असते.

शोध आणि खाण यांच्यामधलं अंतर

विदर्भाचाच एक जुना किस्सा सांगतो. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला की चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला उत्तम लोखंड आहे. तो जमशेटजी टाटांनी वाचला. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना, विषय मागे पडला. वीस वर्षांनी टाटांची माणसं पुन्हा लोहाऱ्याला आली, पण तो साठा मोठ्या कारखान्याला पुरेसा वाटेना. त्याच सुमारास दोराबजी टाटा नागपूरला आले होते. अधिकाऱ्याची वाट बघताना ते संग्रहालयात शिरले आणि एका नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण दिसली. १९०४ मध्ये भूवैज्ञानिक प्र. ना. बोस यांचं पत्र आलं आणि टाटा मयूरभंजकडे गेले. आज जमशेदपूर झारखंडात आहे. कोळसा जुळला असता तर ते कदाचित चांदा जिल्ह्यात असतं. त्याच पट्ट्यात, गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला आणि खाण खऱ्या अर्थाने चालली ती २०२१ पासून.

शोध आणि खाण यांच्यामध्ये दहा, वीस, कधी शंभर वर्षं जातात. या मधल्या काळात गावाला वाटतं, काही होत नाही. जीप येतात, भोकं पाडतात, जातात. पण नेमकं याच काळात नकाशावर गावाचं भवितव्य आखलं जात असतं.

आणि याच काळात गावाला कुणी विचारत नाही. शोधासाठी पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. ती येते थेट खाणीच्या वेळी. २०२३ मध्ये खाण कायद्यात बदल करून तांबं, सोनं, चांदीसह २९ खनिजांसाठी खासगी कंपन्यांना 'शोध परवाना' देण्याची सोय झाली. ज्याला साठा सापडेल त्याला पुढे खाण घेणाऱ्याच्या रकमेतून हिस्सा मिळतो. म्हणजे साठा सापडलाच पाहिजे, असं वाटणारा एक पक्ष सुरुवातीपासून तयार असतो. गाव तेव्हा अजून पक्षच नसतं. त्याच वर्षी वनकायद्यात बदल झाला आणि जंगलातल्या शोधकामाला सूट द्यायचा अधिकार केंद्राला मिळाला.

आता आपल्या काळ्या वाळूकडे

"हे सगळं चंद्रपूरचं, आपल्याला काय?" असं वाटत असेल तर मांडवीच्या काळ्या समुद्रावर जाऊन मूठभर वाळू उचला. तिचा काळेपणा इल्मेनाइटचा आहे. त्यातून टायटॅनियम मिळतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९७० च्या दशकात काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरीच्या उपसागरांत समुद्राच्या तळाचीही पाहणी केली, १९७९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. आपल्या दारातला शोध पंचेचाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. कागद तयार आहे.

ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नव्या खाणींना काही काळ स्थगिती दिली होती. पुढच्या वर्षी माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला. तेव्हा आपण वाद घातला, आणि मग विसरलो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि 'क्रिटिकल' खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतूनच सूट दिली. किनाऱ्याच्या वाळूतली खनिजं त्या यादीत बसतात. ठाणेवासनाला निदान खाणीच्या वेळी तरी मांडव घालून लोकांना विचारतील. आपल्या काळ्या वाळूवर वेळ आली तर तेवढंही होईलच असं नाही.

म्हणून मला वाटतं, १९९३ चा धडा 'विरोध करा' एवढाच नाही. धडा आहे 'लवकर विचारा'. भूवैज्ञानिकाची जीप गावात आली की चार गोष्टी विचारायच्या, भांडायला नको, नीट लेखी विचारायच्या. शोध कुठल्या खनिजाचा आणि कुठल्या टप्प्याचा? परवाना कुणाच्या नावावर? नमुन्यांचे निकाल ग्रामपंचायतीला कधी देणार? आणि भोकं पाडण्याआधीचं विहिरी-ओढ्याचं पाणी तपासून त्याची नोंद कोण ठेवणार? ही शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. उद्या पाणी बिघडलं तर 'ते आधीपासूनच तसं होतं' असं म्हणायची सोय कुणालाच राहत नाही. कंपनीलाही ती नोंद उपयोगाची आहे, खोट्या आरोपातून सुटायला.

खाण किंवा कारखाना नको म्हटलं तर त्याच बैठकीत पुढचा प्रश्नही घ्यायला हवा, मग या जागेचं काय करायचं? झाडगावला आपण पहिला प्रश्न फार चांगला विचारला. दुसरा तसाच राहिला. त्या पाचशे एकरांकडे बघत एक पिढी मुंबई-पुण्याची गाडी पकडून निघून गेली.

१९९२-९३ च्या आंदोलनात जी माणसं होती त्यातली बरीच आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे तेव्हाची पत्रकं, निवेदनं, फोटो असतील. जुन्या ट्रंकेत, माळ्यावर. घरात कुणी असेल तर त्यांच्याशी बोला, कागदांचे फोटो काढून ठेवा. एखाद्या लायब्ररीत त्यांची एक प्रत ठेवता आली तर आणखी बरं. ठाणेवासनाच्या लोकांना ते कागद आज उपयोगी पडतील. आपल्याला कधी लागतील, सांगता येत नाही.